कप्तानाच्या घराची जागा

मी जागा बोलतेय. माझ्यावर कधीकाळी घर होतं, म्हणून घराचीच जागा म्हणा.

पंपासच्या गवतात, सरहद्दीच्या गढीपासून हाकेच्या अंतरावर, कप्तान बार्रिओनुएव्होंनी मला निवडलं. माझीच माती खणून, घोड्यांच्या पायांनी तुडवून विटा पाडल्या. लांबलांबपर्यंत इथे झाड नाही. तुळया आणि दार वीस दिवसांच्या वाटेवरून बैलगाडीने आणले.

भिंती कप्तानांच्या बायकोने, कासिल्दाबाईंनी, स्वतः लिंपल्या. त्यांची लेक नेमेसिया इथेच जन्मली. नऊ वर्षांची असताना सरहद्दीपलीकडच्या मूळ टोळीवाल्यांनी धाडीत तिला घोड्यावर घालून नेलं. कप्तानही त्यांच्या तंबूंतून मुलं आणत आणि शहरात वाटून टाकत. त्या मुलांच्या आयांचं काय झालं, हे माझ्या छपराखाली कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी ऐकलं असतं.

सहा वर्षांनी हुकूम आला. सरहद्द पुढे सरकली, पुढच्या गढीवर चला. जाताना तुळया नि दार उपसून न्यायची इथली रीतच. लाकूड कोण मागे टाकतं?

हवालदार रामाल्यो छपरावर चढला, तशी बाई दारात खुर्ची टाकून बसल्या.

"खाली उतर."

"बाईसाहेब, हुकूम आहे."

"तुला आहे. मला नाही."

कप्तान म्हणाले, "अगं, तिकडे काय उघड्यावर राहायचं?"

"राहा की. तुम्हाला सवय आहे. पोरीला एवढं एकच घर ठाऊक आहे. ती आली नि घरच नसलं, तर कुणाला विचारेल? गवताला?"

"सहा वर्षं झाली, कासिल्दा."

"मोजता येतं मला."

कप्तानांनी त्यांना खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. बाई ओरडल्या नाहीत. गाडी हलली तेव्हा माझ्याकडे तोंड करून बसल्या, एवढंच.

छप्पर गेल्यावर कच्ची वीट किती टिकणार? तीन वर्षांच्या पावसात भिंती विरघळल्या, वर गवत आलं.

चौथ्या वर्षी एक तरुण बाई आली. अंगावर टोळीवाल्यांचा पोशाख, कडेवर मूल. गढीच्या खंदकापासून पावलं मोजत आली, थांबली, मागे गेली, पुन्हा मोजत आली. मग जवळच्या मेंढपाळाला अडखळत विचारलं, "इथे घर होतं?"

"इथे? घरबिर काही नव्हतं, बाई."

तो खोटं बोलला नाही. गेल्याच हंगामात आला होता बिचारा. ती माझ्यावरच उभी होती. मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आली तशी गेली.

मला नांगरा, माझ्यावर मेंढ्या चारा, माझी तक्रार नाही. फक्त कुणी विचारलं, इथे घर होतं का, तर होतं म्हणा. मला म्हणता आलं नाही.