टायरची आतली कड

गाडी उंच करायची कल्पना टिल्लूची. टिल्लू म्हणजे डॉक्टरीणबाईंचा धाकटा भाऊ. दारातून आत येताना वाकावं लागेल एवढा वाढला, तरी लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. त्याचं गाड्यांचं वर्कशॉप होतं. डॉक्टरीणबाई गुरांच्या डॉक्टर. टेकड्यांमधल्या गोठ्यांवर जायचं म्हणजे त्यांच्या दणकट चौचाकीचं पोट दर वळणावर दगडांना घासायचं.

"ताई, एक दिवस अशी अडकशील ना, की पेशंटलाच दोर बांधून गाडी ओढायला लावशील," टिल्लू म्हणाला आणि त्याने स्प्रिंग बदलून गाडी चांगली चार बोटं वर उचलून दिली. बाई खूश झाल्या. आत चढताना आता दाराच्या वरची मूठ धरावी लागे, पण दगड मात्र खालून मुकाट्याने निघून जात.

गाडी उचलली की पुढच्या चाकांचे कोन बदलतात, तेव्हा लगेच अलाइनमेंट करून घे, असं टिल्लूने बजावलंच होतं. बाई गेल्या. अलाइनमेंटवाल्याने चाकांना मापाच्या पट्ट्या लावल्या, खाली शिरून चाकं वळवणारे दोन्ही बाजूंचे रॉड फिरवले आणि स्क्रीनवरचे सगळे आकडे हिरवे करून दाखवले. फक्त गाडी रस्त्यावर आली तेव्हा स्टिअरिंग जरा डावीकडे कललेलं राहिलं.

"चाकं एकदम सरळ आहेत, मॅडम. स्टिअरिंगचं एवढं चालतं," तो म्हणाला.

चालतं तर चालतं. पण रात्री जेवताना बाईंनी कुरकुर केलीच. "रस्ता सरळ, गाडी सरळ, आणि स्टिअरिंग तेवढं मान वाकडी करून बसलंय. दिवसभर वाटतं, आपण कुठेतरी वळतोच आहोत."

"मी बघू का?" नवऱ्याने विचारलं. त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. लोक वेळ फोनमध्ये बघायला लागले, तसं गिऱ्हाईक आटलं आणि त्याने दुकान बंद केलं. तेव्हापासून घरात बिघडलेलं काही त्याला सापडतच नव्हतं.

"छे हो! ते काय मनगटी घड्याळ आहे?" बाई म्हणाल्या. टिल्लू जेवायला होता, तो मोठ्याने हसला. नवराही हसला आणि त्याने ताटातला शेवटचा घास बराच वेळ चावला.

काही दिवसांनी बाई सकाळी फेरीवर निघाल्या, तर स्टिअरिंग सरळ! त्यांना वाटलं, नवीन स्प्रिंग बसली असेल जागेवर. बरं झालं. पण महिना जातो न जातो तोच एका गोठ्याबाहेर हात धुताना त्यांची नजर पुढच्या टायरवर गेली. आतली कड खरवडल्यासारखी झाली होती. बोटं फिरवली तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवली की करवतीचे दाते. दुसऱ्या बाजूला तेच. एका बाजूने झिजलेला खूर बघितला की ती गाय कशी चालत असेल, हे बाई न बघता सांगत. पण ही गाडी तर नाकासमोर चालत होती!

अलाइनमेंटवाल्याने पट्ट्या लावल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "चाकं बाहेर फाकलीत. खड्ड्यात जोरात आपटली का?"

"नाही."

"आठवून बघा."

बाईंनी आठवून बघितलं. आपटली असेलही. त्याने पुन्हा आकडे हिरवे केले, आणि गाडी बाहेर आली ती स्टिअरिंग वाकडं घेऊनच. बाई घरी येऊन पुन्हा कुरकुरल्या. चार-पाच दिवसांत स्टिअरिंग पुन्हा आपोआप सरळ! आणि टायर पुन्हा आतून झिजायला लागले.

आता मात्र बाईंचं डोकं चालेना. वाकडं होतं तेव्हा सगळं ठीक, आणि सरळ झालं की बिघाड, हा कुठला न्याय? ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे. पेट्रोलपंपावरचा म्हणाला, हवा कमी. शेजारी म्हणाले, टायरच हलका. एका गोठेवाल्याने तर गाडीभोवती फेरी मारून, गाडीला एवढं उंच होणं मानवलेलं नाही, असं निदान केलं.

पण हे सगळं त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. खरी भीती वेगळीच होती, आणि ती त्या कुणाशी बोलत नव्हत्या. स्टिअरिंग मुळात वाकडं होतं तरी का? की आपल्यालाच तसं वाटलं? त्यांच्या आईचं अशाच गोष्टींपासून सुरू झालं होतं. चमचे कुणी हलवले, कपाटाचं दार डावीकडे उघडायचं ते उजवीकडे कुणी केलं, असं ती विचारायची आणि घरचे हसायचे. पुढे ती त्यांनाच विचारायला लागली, तुम्ही कोण म्हणून. आता बाई गाडी लावली की स्टिअरिंगकडे टक लावून बघत. सकाळी तेच दिसेल का, याची त्यांना खात्री नसे. इंजेक्शनचा डोसही त्या दोनदा वाचायला लागल्या.

तिसऱ्या खेपेला अलाइनमेंटवाला गाडीखालून बाहेर आला तो हात पुसतच. "मॅडम, या डाव्या रॉडच्या नटाला माझ्यानंतर कुणीतरी पाना लावलाय. ओरखडे ताजे आहेत. उजव्याला हात नाही. नुसती एकच बाजू फिरवली की स्टिअरिंग सरळ दिसतं खरं, पण चाकं फाकतात."

त्याने पुन्हा आकडे हिरवे केले, स्टिअरिंग पुन्हा वाकडं झालं, पण बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. म्हणजे कुणीतरी होतं! गाडीला पाना लावणारा माणूस त्यांच्या माहितीत एकच. त्या तडक टिल्लूच्या वर्कशॉपवर गेल्या.

"मला न सांगता गाडीचा नुसता डावा रॉड का फिरवलास?"

"मी? ताई, स्प्रिंग बसवल्यापासून मी गाडी लांबूनच बघतोय."

"खोटं बोलू नकोस. माझी झोप उडालीय!"

कामावरची माणसं थांबून बघायला लागली. टिल्लूचा चेहरा एवढासा झाला. "एकाच बाजूचा रॉड फिरवेन मी? माझ्या धंद्याची लाज नाही मला?" तो म्हणाला आणि पाठ फिरवून कामाला लागला. बाई बाहेर आल्या. तो खरं बोलतोय, हे त्यांना त्याच्या पाठीवरून कळलं होतं. मग कोण? टिल्लू नाही, अलाइनमेंटवाला नाही. मीच तर नाही? मीच उठून पाना घेते आणि मलाच आठवत नाही? हा विचार आला आणि त्या भर उन्हात गाडीचं दार धरून उभ्या राहिल्या.

त्या आठवड्यात एका दुपारी त्या गोठ्यांवर दुसऱ्या डॉक्टरांच्या गाडीतून गेल्या होत्या. काम लवकर आटपलं. घरी आल्या, तर अंगणात त्यांच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पायांत नवऱ्याच्या चपला.

"अहो!"

गाडीखाली पाना पडल्याचा आवाज झाला. नवरा सरपटत बाहेर आला. डोळ्याला घड्याळजीचं भिंग अडकवलेलं आणि नाकाला ग्रीस.

"तुला सरळ हवं होतं ना," तो म्हणाला. "गाडी उंच झाल्यापासून जॅक न लावताही खाली शिरता येतं. थोडंसं फिरवायचं, गल्लीत एक चक्कर मारून बघायची. पण ते मेलं पुन्हा पुन्हा वाकडं होतंय."

बाई तिथेच पायरीवर बसल्या. "सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर करू दिलं असतंस?"

त्यांना ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि हसू आलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. नवरा घाबरला.

"अगं, टायर नवे घेऊ. एवढं काय!"

"टायरचं नाही हो. मला वाटलं, माझं आईसारखं व्हायला लागलं."

नवऱ्याने भिंग काढलं. मग तो शेजारी बसला, ग्रीसचे हात गुडघ्यांवर उताणे ठेवून. "मी गंमत म्हणून गप्प होतो," तो म्हणाला. "म्हणजे गंमत नाही... माझ्या हातून झालेलं तुला कळू नये, पण आवडावं, असं काहीतरी."

संध्याकाळी बाईंनी टिल्लूला फोन केला. काय सांगावं ते त्यांना सुचेना, म्हणून जे होतं तेच सांगितलं. पलीकडून टिल्लूचा तो मोठा हसण्याचा आवाज आला. "काखेत कळसा म्हणतात तो हा," तो म्हणाला. "पण ताई, तू मला सगळ्यांसमोर बोललीस."

"चुकलंच माझं."

"उद्या मी येतो सोबत."

दुसऱ्या दिवशी तिघं अलाइनमेंटला गेले. टिल्लूने स्टिअरिंग बरोबर मध्ये आणून आवळून धरायला लावलं. अलाइनमेंटवाला पुटपुटला, "पहिल्यांदाच असं करायला हवं होतं," आणि त्याने दोन्ही रॉड जोडीने फिरवले. नवरा वाकून बघत होता. "असं होय! दोन्ही एकदम," तो म्हणाला. अलाइनमेंटवाल्याने त्याच्या हातात पाना दिला. शेवटचा नट त्यानेच आवळला, आणि टिल्लूने मेहुण्यांच्या पाठीवर थाप मारली.

टिल्लू तिथूनच वर्कशॉपवर गेला, आणि परत येताना बाईंनी किल्ली नवऱ्याला दिली. या गाडीत शेजारच्या सीटवर त्या कधी बसल्याच नव्हत्या. तिथून रस्ता निराळाच दिसत होता. स्टिअरिंग सरळ होतं. गाडीही सरळ चालली होती. आपण या माणसावर चिडलोय की नाही, याचा त्या विचार करत होत्या. चिडायला हवं होतं, एवढे दिवस! पण रागाला हात घालावा तर हाताला भलतंच काही लागत होतं, आणि त्याला काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

चढावर गाडी बंद पडली. मागच्याने हॉर्न वाजवला.

"क्लच सोडा हळू," बाई म्हणाल्या.

"सोडतोय," नवरा म्हणाला. "तू नको बघूस माझ्या पायांकडे, मग माझं चुकतं."

बाईंनी नजर खिडकीबाहेर वळवली, आणि गाडी सुरू झाली.