तीन पुस्तकांचा एक पुठ्ठा

मित्रांनो, मी एक जुना शिकंजा आहे. नावाला घाबरू नका, मी कुणाला छळत नाही. पुस्तक बांधणारे ताजं पुस्तक माझ्या दोन फळ्यांमध्ये ठेवतात, वरचा स्क्रू आवळतात आणि खळ वाळेपर्यंत मी ते दाबून धरतो. सुताराने मला घडवलं, लोहाराने स्क्रू बसवला, तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! आता मी वाचनालयाच्या कोपऱ्यात असतो आणि लोक माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवतात.

माझी सारी हयात बाइंडरकाकांच्या दुकानात गेली. खाली दुकान, वर दोन खोल्या. काकू कागदांना घड्या घालायच्या, त्यांची एकुलती एक मुलगी शिलाई करायची. तिचा टाका इतका सरळ, की काका गिऱ्हाइकांना मुद्दाम पुस्तक उलगडून दाखवायचे. "आमच्या पोरीचा हात आहे!" म्हणायचे. पुढे त्या मुलीने पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळजीशी लग्न केलं. त्याचा देव वेगळा होता. काका म्हणाले, "आजपासून या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही." शिलाईची सुई काकूंच्या हाती आली. चार वर्षं दुकानात त्या मुलीचं नाव निघालं नाही.

एकदा वाचनालयाच्या बाई तीन पातळ पुस्तकं घेऊन आल्या. एक नाटक, एक पत्रांचं पुस्तक, एक कवितांचं. तिन्हींचे पुठ्ठे सुटलेले. "एकत्रच बांधा," बाई म्हणाल्या. "लिहिणारे तीन धर्मांचे, पण सांगणं एकच. आपल्याहून वेगळ्या माणसाला त्याच्या रीतीने जगू द्या. मुलांनी ती एकापाठोपाठ वाचावीत."

काकांची एक खोड होती. पानं क्रमाने लावताना ते एका पानाची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली ओळ वाचायचे. जुळली की पुढे जायचे. त्या दिवशी मात्र ते मधलंही वाचत बसले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "यांना सांगायला काय जातं? यांची पोरगी गेली होती का?"

"पत्रं लिहिणाऱ्याची गेली होती," काकू घडी घालता घालता म्हणाल्या. "नीट वाचा. चाळिसावं पान."

काकांनी वाचलं. मग कितीतरी वेळ ते नुसतीच खळ ढवळत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जाडजूड पुस्तक माझ्या फळ्यांत आलं. काका स्क्रू आवळत होते, तेवढ्यात दारात ती उभी राहिली. फार वाळली होती. उंबऱ्याला तिने पाय लावला नाही.

"बाबा, आत येऊ का? घरमालकाने खोली सोडायला सांगितलीये. दुसरी कुणी देत नाही. ना आपल्यातले, ना त्यांच्यातले. वरची खोली रिकामी आहे ना?"

"अहो," काकू एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, काकांचे तळवे माझ्या स्क्रूच्या दांड्यावर होते आणि आवळायचे थांबले होते. त्यांना "ये" म्हणायचं होतं. ते फक्त मला कळलं. पण चार वर्षांचा हट्ट एका शब्दात सोडायची माणसाला लाज वाटते. ते माझ्याकडेच बघत म्हणाले, "हे वाळू दे. उद्या बघू."

"बरं," असं म्हणून ती गेली.

काकांच्या मते तो होकारच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः वरची खोली झाडली, खिडक्या पुसल्या, मग मला सैल करून पुस्तक काढलं. दुकानाचं दार दिवसभर सताड उघडं होतं. संध्याकाळी शेजारच्या शिंप्याने सांगितलं, ती दोघं कालच्याच गाडीने गाव सोडून गेली. कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांनी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पत्रं टाकली. एकाही उत्तरात पत्ता नव्हता.

त्यानंतर रोज दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, काका मधेच मान वर करायचे आणि रिकाम्या दाराला म्हणायचे, "ये ना, ये." पहिल्यांदा काकू दचकल्या. पुढे पुढे त्याही उठून दारापर्यंत जाऊन बघून यायच्या. आणि खरं सांगू? मलाही ऐकू यायचं. "बाबा, आत येऊ का?" अगदी स्पष्ट! काका वारले, काकू बहिणीकडे राहायला गेल्या, दुकान उठलं आणि मी इथे आलो. तरी दुपारी वाचनालय शांत झालं की तो आवाज येतोच. मग मी अख्खा करकरतो. बाई म्हणतात, "जुनं लाकूड, तडकायचंच."

ते पुस्तक समोरच्या कपाटात आहे. त्याचा एकही टाका सुटलेला नाही. पण दाबून धरणं हे माझं काम आहे, मित्रांनो, तुमचं नव्हे. कुणी दारात उभं असेल तर त्याला आजच आत घ्या. तो कुठला देव मानतो ते सावकाश विचारा, नाहीतर विचारूच नका.

काल एक गुरुजी वर्गातल्या मुलांना घेऊन आले होते. ते पुस्तक मुलांनी वाचून संपवलं होतं. गुरुजींनी विचारलं, "तिघांच्या लिखाणात समान काय आहे?"

"सहिष्णुता!" सगळी मुलं एका सुरात ओरडली. गुरुजी म्हणाले, "शाब्बास!"

उत्तर अगदी बरोबर होतं. बाइंडरकाकांनीही तेच दिलं असतं.