सुलूकडचे पाहुणे

"ताई, आणखी अर्धी भाकरी वाढा," धम्मदीप साहेब म्हणाले आणि सुलूच्या जिवात जीव आला. पाहणीला आलेला सरकारी माणूस आंब्याखाली मांडी घालून बसतो, वालाचं बिरडं दोनदा मागून घेतो, म्हणजे आपलं काम झालंच, असं तिला वाटलं.

डोंगरी गावातलं हे दीड एकराचं शेत वडिलांच्या मागे सुलू आणि तिचा थोरला भाऊ नाथा, दोघांच्या नावावर होतं. नवरा गेल्यापासून सुलू इथेच राहायची. रोज सकाळी बस पकडून मीरा रोडला जायची आणि बेव्हर्ली पार्कात चार घरी स्वयंपाक करायची. त्यातल्याच एका घरच्या मानसीताईंनी तिला पेपरातली बातमी वाचून दाखवली होती. शेतावर पाहुणे उतरवणाऱ्यांना सरकार अनुदान देतं. त्याला कृषी पर्यटन म्हणतात. सुलूने तो शब्द पाठच करून टाकला. अठरा वर्षं ती दुसऱ्यांच्या ओट्यापाशी उभी राहिली होती. आता कुणीतरी आपल्या दारात यावं, आपल्या अंगणात चपला काढाव्यात, असं तिला फार वाटायचं.

नाथा मात्र विकायच्या मागे होता. बंगल्यासाठी जागा बघणारी एक पार्टी त्याच्याकडे खेपा घालत होती.

"माझं गुडघं गेलं, सुले. कसनार कोन आता?" तो म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. शेवटी दोघांत ठरलं. "एक वरीस थांबतो. सरकारचं आलं तर शेत तुझं. न्हाय आलं तर गुमान सही करायची."

म्हणून सुलूने रजा काढून दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, दोन खोल्यांना चुना काढला, संडासाला नवं दार बसवलं आणि सगळे कागद गोळा करून अर्ज भरला.

साहेबांनी हात धुतले, फाइल उघडली. पानं उलटता उलटता ते एका पावतीपाशी थांबले.

"ही घरपट्टी महापालिकेची आहे?"

"हां साहेब. एक बी चुकवली न्हाय," सुलू कौतुकाने म्हणाली.

साहेबांनी पावतीवरचा शिक्का पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले, "ताई, ही योजना ग्रामीण भागासाठी आहे. ग्रामपंचायत लागते. तुमचं गाव कागदावर शहरात धरलंय."

सुलूला आधी हसूच आलं. तिने वांग्यांच्या वाफ्यांकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं.

"शहर? साहेब, हितं नळ न्हाय, गटार न्हाय. तुमी आता जेवलात ते शेतातच न?"

"शेतातच जेवलो," साहेब म्हणाले. "मी तसंच लिहितो."

आणि त्यांनी खरोखरच लिहिलं, चांगलं दीड पान. तीन महिन्यांनी वरून उत्तर आलं ते दोन ओळींचं. सदर जागा नागरी हद्दीत असल्याने अर्ज अपात्र. साहेब सुट्टीच्या दिवशी स्वतः ते पत्र घेऊन आले. "पोस्टात टाकवेना," एवढंच म्हणाले. सुलूने जेवायला बसवायचं म्हटलं, पण ते पाणी पिऊन उठले.

सुलूने शब्द पाळला. निबंधकाच्या कचेरीत अंगठा दिला, सही केली, कॅमेऱ्याकडे बघा म्हटल्यावर पदर सारखा करून बघितलं. ताबा महिनाअखेरीस द्यायचा होता.

पुढच्याच रविवारी मानसीताई सहा माणसं घेऊन दारात हजर. मे महिन्यात येऊ, असं त्यांनी कधीच ठरवून ठेवलं होतं. झालेलं सुलूने त्यांना सांगितलंच नव्हतं.

"अगं, फोन करणार होते, पण म्हटलं डायरेक्ट जाऊ. चालेल ना?"

सुलूने ओले हात पदराला पुसले. मग ती म्हणाली, "या न. बसा."

नाथाही त्या दिवशी आलेला. त्याला वाटलं, बहीण काहीतरी सांगून त्यांची बोळवण करील. पण तिने चूल पेटवली. तांदळाच्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत, जवळ्याची चटणी. मानसीताईंची मुलगी सलोनी नाथाच्या मागे मागे फिरू लागली. त्याने तिला ताडगोळा सोलून दिला. पाणी हनुवटीवरून ओघळलं तशी ती खिदळली आणि नाथाही मोठ्याने हसला. त्याला तसं हसताना सुलूने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

निघताना मानसीताईंनी पर्स उघडली. सुलूने त्यांचा हात धरला.

"आज नको, ताई."

"अरे वा, असं कसं? नेक्स्ट टाइम घ्यायचेच हं!"

दोन्ही रिक्षा वळल्या. नाथा तिथेच उभा राहिला. मग लंगडत चुलीपाशी आला.

"सुले, ते साहेब हायत न... त्यांस्नी परत लिवलं तर?"

सुलू उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळू लागली.

"मना ठाव नव्हतं ग," तो म्हणाला. "लोक येतील, खातील, असं... मना वाटलं नुसता कागद हाय."

"दादा, सही झाली."

तो चुलीपाशीच खाली बसला. सुलूने पान मांडलं, उरलेली भाकरी तव्यावर पुन्हा गरम केली, भरीत वाढलं.

"खा. सकाळपासून पोटात काय न्हाय तुज्या."

तो मान खाली घालून एकेक घास चावत राहिला. सुलू त्याच्यासमोर बसली आणि त्याचं होईपर्यंत पदराने माश्या वारत राहिली.