कुमुदचा मुलगा

"आता कुमुदला मुलगा होणार बघ," शांताबाई म्हणाल्या आणि मेथीची जुडी मांडीवर तशीच ठेवून टीव्हीकडे सरकल्या. "मुकुंद नाव ठेवतात. गोरापान, आणि डाव्या गालावर हा एवढा तीळ."

"आई, आधीच नका ना सांगू! सगळी मजा जाते यार," सून प्रियंका कुरकुरली.

पडद्यावर दवाखान्याचं दार उघडलं. नर्स बाहेर आली आणि तिने नुसती मान हलवली. देशमुखांच्या थोरल्या सुनेने तोंडाला पदर लावला. कुमुदचं मूल जन्मताच गेलं होतं.

प्रियंकाने सासूकडे पाहिलं. शांताबाईंच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली होती.

"हे पहिलं असेल," त्या म्हणाल्या. "मुकुंद नंतरचा असेल."

'देशमुखांची धाकटी' ही मालिका दूरदर्शनवर लागायची त्याला आता किती वर्षं झाली, ते शांताबाईंच्या मुलाच्या, मिथुनच्या वयावरून काढावं लागे. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून ती यूट्यूबवर चढवली होती. चित्रावर मधूनच आडव्या रेघा यायच्या, आवाज खरखरायचा. प्रियंकाने टाइमपास म्हणून एका दुपारी लावली आणि सासू-सुना दोघी तिच्या अशा नादी लागल्या की विचारू नका. हल्लीच्या मालिकांत झोपतानाही दागिने घालणाऱ्या बायकांना शांताबाई एरवी नावं ठेवायच्या. इथे मात्र डाळ करपली, कपडे दोरीवर संध्याकाळपर्यंत राहिले, आणि दोघींना त्याचं काही नव्हतं. शांताबाईंना तर दुहेरी सुख होतं, कारण पुढचं सगळं त्यांना पाठ होतं. थोरला भाऊ जमिनीचे कागद लपवणार, काकूचं आंधळेपण हे सोंग निघणार, असं त्या आधी सांगायच्या आणि तस्संच व्हायचं. "काय मेमरी आहे तुमची!" म्हणत प्रियंका हात जोडायची.

आणि आता हा मुकुंद.

तो पुढच्या भागात आला नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. मुकुंदला गोवर येतो, तो विहिरीत पडता पडता वाचतो, शाळेच्या पहिल्या दिवशी पळून घरी येतो आणि कुमुद त्याला मारता मारता स्वतःच रडते, हे सगळं शांताबाईंना डोळ्यांपुढे दिसत होतं. त्याची खाकी चड्डी दिसत होती. पडद्यावरच्या देशमुखांच्या घरात मात्र एकही मूल नव्हतं. कुमुद एकटीच शिवणकाम करत बसलेली असायची.

शांताबाईंना आता जया आठवू लागली. त्यांची थोरली बहीण जया जालन्याला असायची. शेवटी शेवटी ती कोपऱ्यातल्या रिकाम्या पाटाकडे बोट दाखवून म्हणायची, "त्या पोराला आधी वाढा." पोर नव्हतंच. शांताबाई भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी तिला समजावलं होतं, अगं जया, तिथं कुणी नाही. त्यावर जयाने त्यांच्याकडे अशी कीव करून पाहिलं होतं, की वेडी जया नसून आपणच आहोत असं त्यांना क्षणभर वाटलं. पुढे घरचे जयाला बाहेरून कडी लावून ठेवू लागले. जयाला जेवढी खात्री होती तेवढीच आज आपल्याला आहे, हे ध्यानात आलं आणि शांताबाईंना त्या खात्रीचीच धास्ती बसली.

त्या दिवसापासून त्या स्वतःवर पाळत ठेवू लागल्या. गॅस बंद केला की पुन्हा जाऊन बघायच्या. नात श्रुतिकाला शाळेतून आणताना फाटकाशी तिचं नाव, वर्ग, तुकडी मनात घोकायच्या. घोकत असताना नात समोर आली की तिचा हात इतका घट्ट धरायच्या की पोरगी ओरडायची, "आजी, दुखतंय ना!"

प्रियंकाला सगळं दिसत होतं. तिला मुलुंडच्या एका दवाखान्यात रिसेप्शनची नोकरी लागली होती आणि सोमवारपासून रुजू व्हायचं होतं. नोकरीचा सगळा डोलारा सासूवर उभा होता, कारण श्रुतिकाला आणायचं, जेवायला घालायचं, सांभाळायचं त्यांनीच. शनिवारी सकाळी शांताबाई बाथरूममधून बाहेर येत होत्या आणि स्वयंपाकघरातलं बोलणं कानावर आलं.

"मला भीती वाटते रे. नसलेल्या पोराबद्दल बोलतात त्या. गोवर काय, विहीर काय. रस्त्यात श्रुतिकाचा हात सोडला तर?"

"जयामावशीचं असंच सुरू झालं होतं," मिथुन म्हणाला. "डॉक्टरकडे नेतो तिला. तू तोवर जॉबला नाही म्हणून कळव."

"वाट लागली म्हणजे माझी," प्रियंका म्हणाली आणि रडू लागली.

शांताबाई ओल्या पायांनी तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतः प्रसूतिगृहात आयाची नोकरी केली होती, रात्रपाळ्या काढल्या होत्या, सातव्या महिन्यातही सोडली नव्हती. आपल्या पायी सुनेची नोकरी जावी, हे त्यांना कडी लागण्यापेक्षाही वाईट वाटलं. त्यांनी चपला घातल्या आणि कुणाला न सांगता बी विंगमध्ये नलिनीकडे गेल्या.

घाटकोपरच्या टेकडीवरची त्यांची चाळ पाडून तिथेच ही बिल्डिंग झाली होती. शेजारीण नलिनी त्यामुळे शेजारचीच राहिली होती, फक्त मध्ये लिफ्ट आली. चाळीत पहिला टीव्ही नलिनीकडे होता. 'देशमुखांची धाकटी' अख्ख्या चाळीने तिच्याच खोलीत बसून पाहिलेली.

"नलिनी, खरं सांग," शांताबाई दारातच म्हणाल्या. "त्या सीरियलमध्ये मुकुंद होता का गं? कुमुदचा?"

नलिनीने आधी त्यांना खुर्चीवर बसवलं. मग दार लावलं. ती दार लावतेय हे पाहून शांताबाईंनी काय ते ओळखलं.

"नव्हता गो," नलिनी म्हणाली.

शांताबाईंनी डोळे मिटले.

"अगो, ऐक तरी पुढे! टीव्हीत नव्हता. तुझ्या घरात होता." नलिनी त्यांच्यासमोर खाली बसली. "आठव जरा. पहिले काही भाग तू बघितलेस माझ्याकडे. मग नेमकी सीरियलच्या वारी, मंगळवारी, तुझी नाइट लागली. पुढचं सगळं तुला शिवदास सांगायचा, बुधवारी सकाळी, तू आल्यावर."

शांताबाईंना आठवलं. चहाचा कप, नवऱ्याचा आवाज, आणि आपण पाय लांब करून भिंतीला टेकलेल्या.

"ज्या दिवशी टीव्हीत ते पोर गेलं ना, शिवदास उठून गॅलरीत गेला. तुझी पहिली पोरगी तशीच गेलेली, आणि मिथुनच्या वेळचा तुला सातवा चालू. मी बाहेर गेले तर त्याने हात जोडले गो. सगळ्या बायकांसमोर. म्हणाला, वहिनी, हिला सांगू नका. मी सांगतो, मुलगा झाला म्हणून."

"आणि तुम्ही सगळ्या गप्प बसलात?"

"मग? पाण्याला तू आलीस की आमच्या गप्पा बंद. दर बुधवारी तो आधी आमच्याकडे येऊन सांगून जायचा, आज मुकुंदला गोवर आलाय, हिने विचारलं तर हो म्हणा." नलिनी हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "मिथुन सुखरूप झाल्यावरही तू बाळापायी टीव्हीला यायची नाहीस. मी म्हटलं त्याला, आता सांगून टाक. तर म्हणाला, आता त्याला कसा मारू, वहिनी?"

शांताबाई तोंडात पदर धरून रडल्या. मग हसल्या. इतक्या मोठ्याने हसल्या की नलिनी घाबरली.

"शेवट काय केलान तेवढं मला नाही माहीत हां," नलिनी म्हणाली. "मी तेव्हा शिमग्याला गावाला गेलेले."

घरी येऊन शांताबाईंनी मुलाला आणि सुनेला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मिथुन ऐकताना जमिनीकडे बघत होता. बाप जाऊन काही वर्षं झाली होती. त्याच्या आठवणीतला बाप अबोल, कारखान्याच्या पॅकिंग खात्यातून थकून येणारा आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पेपर वाचत बसणारा होता. त्या माणसाने दर आठवड्याला एक गोष्ट रचली असेल हे त्याला खरंच वाटेना. प्रियंकाने सासूचे दोन्ही हात धरले. "सॉरी आई. खूप सॉरी. मी सोमवारी जाते मग?"

"जा ना. मी आहे."

रविवारी संध्याकाळी तिघांनी मिळून शेवटचा भाग लावला. श्रुतिका खाली खेळायला गेली होती. पडद्यावरच्या कुमुदने घराला कुलूप लावलं, किल्ली थोरल्या दिराच्या हातात दिली आणि ती एकटी एसटीत बसून निघून गेली. नावं वर सरकू लागली.

प्रियंकाने आवाज बंद केला आणि ती शांताबाईंकडे वळली. "आणि बाबांच्या गोष्टीत? मुकुंदचं काय होतं शेवटी?"

शांताबाईंनी तोंड उघडलं. गोवर आठवला, विहीर आठवली, शाळा आठवली. त्याच्या पुढे काही नव्हतं. त्यांनी चहाचा कप आठवला, भिंत आठवली, शिवदासचे हलणारे ओठ आठवले, पण शब्द येईनात. हा शेवट यूट्यूबवर कुणी चढवलेला नव्हता. तो एकाच माणसाला ठाऊक होता आणि त्याला विचारायची आता सोय नव्हती. भीती पुन्हा आली, आणि या वेळी ती घालवायला कुणी नलिनी नव्हती. प्रियंका हनुवटीखाली हात घेऊन वाट बघत होती. मिथुनही बघत होता. उद्या सोमवार होता.

"मुकुंद स्टँडवर येतो," शांताबाई म्हणाल्या. "आईला न्यायला. मोठा झालेला असतो ना आता. नोकरीला लागलेला असतो."

"मग?" मिथुनने विचारलं.

"सांगते," शांताबाई म्हणाल्या आणि पुढे काय होतं ते शोधू लागल्या.