देवामागच्या गोळ्या

नम्रताने यादी केली होती. एकदा नव्हे, तीनदा. शेवटची तर मोठ्या अक्षरात, वहीचं पान फाडून, यशोदाकाकींच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून. फाईल, जखमेची पट्टी, नळीतून द्यायच्या पेजेसाठी मिक्सर, आणि सगळ्यात वर, खाली दोन रेघा ओढून, गोळ्या. एवढं करूनही गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती माळावर उभी होती आणि मिक्सर होता, पट्टी होती, काकींचं मांजरसुद्धा टोपलीखाली सुखरूप होतं. गोळ्या तेवढ्या नव्हत्या.

शेळवण्यात दर चार वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खं गाव उठतं. गुरं, कोंबड्या, कुत्रे, म्हातारेकोतारे घेऊन शिवेबाहेरच्या माळावर नारळीच्या झापांच्या झोपड्यांत तीन दिवस राहतं. गाव तेवढे दिवस देवाचं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा, तो झाला की घरी परतायचं. तोवर गावच्या माणसाने शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही. पोरांना ही सहलच वाटते. मोठेही दिवसभर पत्ते कुटतात, भजनं म्हणतात आणि एरवी वर्षभर न बोलणाऱ्या भावांच्या चुली शेजारी शेजारी लागतात. नम्रताला ह्याचं कौतुक होतं. फक्त तोंडाच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळलेल्या काकींच्या नवऱ्याला, बाबलीकाकांना, खाटेसकट माळावर न्यायचं ठरलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला होता. पण बाबली तारी बहात्तर वर्षांत एकदाही गावपळणीला चुकले नव्हते आणि ही आपली शेवटची हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तेव्हा "सांगाती" ह्या कॅन्सरच्या रुग्णांची घरी जाऊन सेवा करणाऱ्या संस्थेची जीप आली, नम्रता नर्स म्हणून आली, आणि काकांची खाट वाजतगाजत निघाली.

आता तीच खाट करकरत होती. काका एका कुशीवर वळून बांबूचा खांब धरून होते. ओरडत नव्हते, जबडाच उघडत नव्हता तर ओरडणार कसे. वेदना थांबवायला दर चार तासांनी एक गोळी लागायची. जवळची गोळ्यांची पट्टी पहाटे सहाला संपली होती.

"सुगंधा, तू टिक केलंस ना?" नम्रताने विचारलं. सुगंधा ही संस्थेची गावातली कार्यकर्ती. सहा वर्षांपूर्वी तिचा स्वतःचा स्तनाचा कॅन्सर बरा झाला होता आणि तेव्हापासून ती दारोदार फिरून बायकांना तपासणीला आणायची. माणूस सोन्यासारखं, पण टिक करायला दिली की हात सैल.

सुगंधाने मान खाली घातली. आपण काकींना विचारलं होतं, आणि गोळ्या बऱ्या जाग्यावर आहेत असं काकी म्हणाल्या, म्हणून टिक केली, असं ती पुटपुटली.

"आसतच बऱ्या जाग्यार," यशोदाकाकी म्हणाल्या. त्यांचे डोळे रडून सुजले होते. "बाई, तुमीच सांगितलात मा, नातवंडांच्या हाताक लागाक नको, घरातल्या सगळ्यात सांभाळलेल्या जाग्यार ठेवा म्हणान? मी देवाच्या मागे ठेवलंय. आनि गावपळणीक देव्हाऱ्याक कोन हात लावता? देव थयच रवतत."

नम्रताला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. चूक काकींची म्हणावी तर सूचना तिची स्वतःचीच होती. सहा महिने तिने घसा फोडफोडून सांगितलं होतं, आणि सहा महिन्यांत एकदाच, नेमकं एकदाच, कुणीतरी ते तंतोतंत ऐकलं होतं.

ह्या अफूपासून केलेल्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत. त्या संस्थेच्या कुडाळच्या कचेरीतल्या कपाटात, कुलपात, डॉक्टरांच्या सहीनेच निघतात. डॉक्टर पुतण्याच्या लग्नासाठी कोल्हापूरला गेले होते, कपाटाची किल्ली खिशात घेऊन. नम्रताने सात वेळा फोन लावला. सातव्या वेळी एका बाईने उचलला, डॉक्टर जेवायला बसलेत असं सांगितलं आणि मागे सनई चालू असताना ठेवूनही दिला. लग्न आटोपून ते निघाले तरी उद्या सकाळ उजाडणार होती. आणि घर इथून पंधरा मिनिटांवर. पायी.

तिने काकींकडून घराची किल्ली मागून घेतली आणि शिवेच्या दगडाकडे निघाली. तिथे भिकाजीकाका बसले होते. ते गावचे मानकरी. कौल त्यांच्याच हातून घेतला जायचा. त्यांनी काठी आडवी केली. उगाच भांडण नको म्हणून नम्रता शांतपणे बोलली. मी गावची नाही, वालावलची आहे, तेव्हा नियम मला लागू नाही, अर्ध्या तासात जाऊन येते.

"तू भायली कशी गो?" भिकाजीकाका म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसत होतं. "अकरा वर्सां गावात येतंस. माझ्या बायलेक शेवटचा पाणी तुझ्या हातान पाजलंस. तू गावचीच. गावाक लागता ता तुका लागता."

अकरा वर्षांपूर्वी नम्रता पहिल्यांदा आली तेव्हा ह्याच गावाने तिला भायली बाई, म्हणजे बाहेरची, हे नाव ठेवलं होतं. जीप दारात लावू नका, लोक काय म्हणतील, पलीकडे शाळेजवळ लावा. पाटी झाका. कॅन्सर हा शब्द घरात काढू नका. दोन दोन मैल तंगडतोड करत, पिशव्या ओढत तिने घरं गाठली होती. त्या काळात तिने एकदा तरी मनाशी म्हटलं असेल की ह्या माणसांनी आपल्याला आपलं म्हणावं. आणि त्यांना मुहूर्त मिळाला तो आज. तिचा संताप असा उसळला की डोळ्यांत पाणीच आलं. मागून काकांच्या खाटेचा आवाज येत होता.

भिकाजीकाका दुष्ट नव्हते, हीच खरी अडचण होती. बाबली त्यांचा लंगोटीयार. गावपळण मोडली आणि वर्षभरात गावात काही विपरीत झालं तर लोक ते बाबलीच्या माथी मारतील, त्याच्या मागे यशोदेला जगू देणार नाहीत, असं ते हळू आवाजात म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

तोवर पत्ते टाकून माणसं गोळा झाली होती. सुगंधा जवळ येऊन म्हणाली की मीच जाते, माझं काय व्हायचं ते होऊ दे. नम्रताने तिला हाताने मागे सारलं. सुगंधाला ह्याच गावात राहायचं होतं, उद्या ह्याच बायकांच्या दारात जायचं होतं.

एरवी नम्रता गावात मालवणीतच बोलायची. आता ती बोलली ती कचेरीतली भाषा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"भिकाजीकाका, मी ह्या गावची कोणी नाही. मी वालावलची. मला संस्था पगार देते म्हणून मी येते. उद्या दुसऱ्या गावात बदली झाली तर तिकडे जाईन. तुमचा देव, तुमची शीव, ह्यांच्याशी माझा काही संबंध नाही."

यशोदाकाकींनी तोंडाला पदर लावला. भिकाजीकाकांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी काठी बाजूला घेतली आणि लोकांकडे वळले.

"ऐकलात मा सगळ्यांनी? ही भायली. गावचा कोनय शीव वलांडूक नाय."

नम्रता गेली. मोकळ्या गावात तिच्या चपलांचा आवाज तिलाच मोठा वाटत होता, म्हणून की काय, तिने त्या उंबऱ्यापर्यंत न जाता अंगणातच काढल्या. लक्ष्मीच्या तसबिरीमागे स्टीलचा डबा होता, झाकणाला हळदकुंकू वाहिलेलं. काकींनी रोज पूजा केली होती त्याची. नम्रता मोठ्याने म्हणाली, "धन्य आहे बाई," आणि डबा उचलून धावत सुटली.

गोळी कुटून, पाण्यात विरघळवून तिने नळीतून दिली. पाऊण तासाने काकांचे हात खांबावरून सुटले. मग ते झोपले आणि घोरायलाही लागले. यशोदाकाकी त्यांच्या पायाशी बसून ते घोरणं ऐकत राहिल्या, नम्रताशी एक शब्द बोलल्या नाहीत.

दुपारी माळावर पंगत बसली. सुगंधा बायकांबरोबर शेवटच्या पंगतीला बसायची, आणि नम्रता नेहमी तिच्याशेजारी. आज नम्रता तिकडे वळणार तोच भिकाजीकाकांनी वाढणाऱ्यांना हाक मारली.

"भायल्या बाईक पयल्या पंगतीक बसवा. तिका लांब जावचा आसा."

तिच्यासाठी वेगळा पाट आला. भात, आमटी, पापड, सगळं आधी तिला, आग्रह करकरून, पाहुण्याला वाढतात तसं. आपणच म्हणालो ना, मग आता मनाला का लागतंय, असं तिने स्वतःला दोनदा खडसावलं. लागत होतंच. सुगंधा लांबून तिच्याकडे बघत होती. नम्रताने नजर वळवली आणि चिडून आणखी भात मागून घेतला.