उभं मशीन

“हे टेबलावरचं काय कामाचं, जवाईबापू?” महादेवरावांनी काठीच्या टोकानं त्या छोट्या ड्रिल मशीनला ढोसलं. “हे तं खेळणं होय. घ्याचं तं उभं घ्याचं.”

गांधीबागेतल्या त्या दुकानात दोन्ही मशिनं शेजारी शेजारी होती. एक टेबलावर ठेवायचं. दोघांनी उचललं, सायकलरिक्षात घातलं, की निघाली स्वारी. दुसरं जमिनीवर उभं राहणारं, माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेलं, जाड लोखंडी खांबाचं. मार्तंड आदल्या आठवड्यात एकटाच येऊन छोटं मशीन बाजूला काढायला सांगून गेला होता. ते काढलेलंही होतं. पण दुकानदार आता ओळखच दाखवत नव्हता. सासरा-जावई जोडीनं आले की कोणाकडं पाहून बोलायचं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

“मामाजी, भोकं तं हे बी पाडते,” मार्तंड म्हणाला. “सीटच्या चौकटीले हे लई झालं.”

“चौकटीले झालं. अन् खुर्चीचा मागचा पाय उभा धरून त्याच्या डोक्यात भोक पाडाचं असलं तं? याच्याखाली मावते का थो पाय? सांगा नं.”

मावत नव्हता. म्हाताऱ्याचं म्हणणं खरं होतं, आणि तेच तर दुखणं होतं.

मार्तंड घरीच लाकूडकाम करायचा. सरकारी कचेऱ्यांत वेतानं विणलेल्या सागवानी खुर्च्या असतात ना, तसल्या. वेत ओवायला चौकटीला चारी बाजूंनी ओळीनं भोकं लागतात, आणि ती हातानं फिरवायच्या ड्रिलनं पाडून पाडून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. मशीन हवंच होतं. पण घरी, म्हणजे कोणाच्या घरी? जुन्या शुक्रवारीतलं ते घर महादेवरावांचं. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून उभा जन्म काढून त्यांनी ते बांधलं होतं. शामला त्यांची एकुलती एक लेक. लग्नात ठरलं होतं, की वर्षभर इथं राहायचं, मग आपली खोली पाहायची. त्या वर्षात सासू अंथरुणाला खिळली, पुढे ती गेली, आणि मग एकट्या म्हाताऱ्याला टाकून कसं जायचं, या प्रश्नापाशी जे घोडं अडलं ते अडलंच. आता आणीबाणी येऊन उठलीसुद्धा, मार्तंडची काही सुटका नव्हती. गल्लीत त्याला नावानं हाक मारणारंही कुणी उरलं नव्हतं. पोस्टमनपासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांचा तो जवाई.

फक्त एक चंद्रभान त्याला मार्तंड म्हणायचा. सीताबर्डीच्या फर्निचरच्या दुकानात दोघांनी जोडीनं रंधा मारला होता. चंद्रभानला हिंगण्याला, कारखान्यांच्या मागं, एक शेड मिळणार होती. “अर्धी तुही,” तो म्हणाला होता. “मांगं दोन खोल्या आहेत. वहिनीले घेऊन ये, राजासारखा राय.” त्या दिवसापासून मार्तंडच्या डोक्यात ते उचलून नेता येणारं छोटं मशीन बसलं होतं.

महादेवराव काठी टेकून त्याच्याकडं वळले. “तुमच्या मनात काय आहे थे बोला बाप्पा. मशीन तुमाले चालवाचं आहे, मले नाई.”

हीच ती वेळ होती. मार्तंडनं घसा खाकरला. म्हणजे बोलणार होता तो. देवाशपथ बोलणार होता.

“मी तं खड्डा बी खणून ठेवला,” महादेवराव पुढे म्हणाले. “मागच्या ओसरीत. माही खाट समोरच्या खोलीत नेली काल. म्हटलं, ओसरी पुरी तुमाले मोकळी.”

मागच्या ओसरीला कडुनिंबाची सावली होती. नागपूरच्या उन्हाळ्यात त्या घरात वाऱ्याची झुळूक यायची ती तिथंच, आणि म्हातारा सासू गेल्यापासून तिथंच झोपायचा. समोरची खोली म्हणजे वर तापलेले टिनाचे पत्रे आणि दाराशी रस्त्याचा गोंगाट. मार्तंडनं छोट्या मशीनवरची नजर काढून घेतली.

“उभंच घेऊ,” तो म्हणाला. दुकानदारानं लगेच टेबलावरच्या मशीनवर फडकं टाकलं.

उभं मशीन वरून जड असतं. जमिनीत रोवल्याशिवाय चालवलं तर एखाद दिवशी अंगावर यायचं. महादेवरावांनी जुन्या सोबत्याकडून त्यासाठी चार बोल्ट घडवून आणले होते, खालून छत्रीच्या मुठीसारखे वळवलेले. ते काँक्रीटमध्ये उभे धरायचे, भोवती माल ओतायचा. तो वाळला की वळलेला भाग आत अडकतो आणि बोल्ट म्हणून निघत नाही. वर नट आवळला की मशीन जागचं हलायचं नाव घेत नाही.

माल कालवून झाल्यावर महादेवराव हात धुवायला आत गेले, आणि मार्तंडनं आपल्या आयुष्यातली एकमेव चोरी केली. वळलेले बोल्ट त्यानं भुशाच्या पोत्यांमागं सरकवले आणि त्यांच्या जागी चार सरळ बोल्ट उभे केले, ग्रीस फासून, वर कागद गुंडाळून. असे बोल्ट वाळल्या मालातूनही उपसून काढता येतात. नट काढले की मशीन कसंही निघालं असतं, पण आपलं काही या जमिनीत कायमचं अडकू नये, एवढंच त्याला हवं होतं. म्हातारा परत आला तेव्हा वर फक्त आटे दिसत होते. मार्तंड थापीनं माल सारखा करत होता, आणि कितीतरी दिवसांनी त्याला गाणं गुणगुणावंसं वाटत होतं.

मशीन बसलं, वीज जोडली. महादेवरावांनी पाण्यानं काठोकाठ भरलेलं फुलपात्र आणून मशीनच्या पाटावर ठेवलं. वर्कशॉपातली त्यांची ही जुनी रीत. “हं, करा चालू.”

पाणी थरथरलं, मग काठावरून सांडायला लागलं.

“काहून थरथरून राहिलं हे?”

“नवीन आहे मामाजी. बसन हळूहळू.”

नट पुरते आवळायची सोयच नव्हती. जोर लावला की सरळ बोल्ट वर यायला बघायचे. महादेवरावांनी जमिनीकडं एकदा पाहिलं, फुलपात्र उचललं, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि ते समोरच्या खोलीत गेले.

काम मात्र वाढलं. खांद्याला आराम पडला. पण भोकं जराशी भरकटायची. वेत विणायला येणारे बाबाराव डोळ्यांनी अंध होते. चौकट मांडीवर घेऊन ते एकेका भोकावरून बोट फिरवायचे. “जवाई, हातानं पाडत होते तवा ओळ सरळ होती बरं,” ते म्हणायचे. “आता तं भोकं दारू पिऊन उभे राहिल्यावाणी लागते.” मार्तंड हसून वेळ मारून न्यायचा. रोज सकाळी आधी पाना घेऊन नट चाचपायचे, मग काम, असा त्याचा शिरस्ता पडला. ढिलं आहे, म्हणजे अजून आपलं जमेल, असं त्याला त्यातून वाटायचं. वेड्या आशेला एवढं पुरतं.

दिवाळी झाली आणि चंद्रभान सांगत आला, की शेड मिळाली, येत्या रविवारी हातगाडी घेऊन येतो. मार्तंडनं शामलाला चुलीपाशी गाठून सांगितलं.

तिनं थापलेली भाकर तव्यावर टाकली. “तुमी जिथं न्यान तिथं मी येईन,” ती म्हणाली. “पण बाबाले सांगन कोण?”

“मी सांगतो.”

“सांगा मंग.”

रविवार उजाडला तरी सांगून झालं नव्हतं. शेवटी त्यानं पाना घेतला, ओसरीत बसला आणि पहिला नट काढायला लागला. तोंडानं होत नव्हतं ते हातानं सांगू म्हणाला. काठीचा आवाज मागं येऊन थांबला, तरी त्यानं वर पाहिलं नाही. चारी नट निघाले. म्हातारा ओरडेल, घरजावयाचं काढेल, खाल्ल्या मिठाचं काढेल, म्हणून त्यानं एकेकाला उत्तरं तयार ठेवली होती. वर्षानुवर्षं घोटलेली, धार लावलेली उत्तरं.

महादेवराव स्टुलावर बसले. मांडीवरची फडक्याची पुरचुंडी त्यांनी सोडली. आत ते चार वळलेले बोल्ट होते. गंजाचा ठिपका नाही; तेलानं पुसलेले.

“पयल्याच हप्त्यात सापडले. भुसा काढाले गेलतो.”

मार्तंडनं पाना खाली ठेवला. “मंग बोलले काहून नाई, मामाजी?”

“काय बोलू? माणूस जागा पक्की करत नाई, म्हंजे त्याच्या मनात काईतरी असन. म्हटलं, सांगन तवा सांगन.” त्यांनी पुरचुंडी पुढं केली. “हे घेऊन जा. तिथं तरी पक्के टाका. मशीन थरथरून राहिलं तं कामात मन लागत नाई माणसाचं.”

“तुमची खाट इकडे आणून देतो आधी.”

“राहू द्या. मले आता समोरचीच सवय झाली.”

सगळी उत्तरं वाया गेली. म्हाताऱ्यानं एक वाकडा शब्द टाकला असता, तरी मार्तंड बायकोचा हात धरून उंबरा ओलांडून गेला असता. इतक्या वर्षांत या माणसानं त्याला निघून जायला एक कारण दिलं नव्हतं, आणि आजही दिलं नाही. आपण गेल्यावर या ओसरीत चार भोकं राहतील आणि म्हातारा रोज त्यांच्याकडं पाहील, हे मार्तंडला स्पष्ट दिसलं. त्याला रडू आलं आणि रागही आला. राग कोणावर काढायचा, ते मात्र समजेना.

“मार्तंड!” रस्त्यावरून हाक आली. तो बाहेर गेला. चंद्रभान हातगाडीला टेकून उभा होता.

“नाई जमत गा.”

“काहून? भांडण झालं का?”

“भांडण झालं असतं तं आलो असतो.”

चंद्रभाननं गाडीवरचा दोर गुंडाळून ठेवला. मग विडी पेटवून, रिकामी गाडी ढकलत निघून गेला. मार्तंड ती कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभा होता.

आत येऊन त्यानं छिन्नी-हातोडा घेतला. मशीन शेजाऱ्यांच्या मदतीनं उचलून बाजूला ठेवलं आणि सरळ बोल्ट उपसले. ते खरंच अलगद निघाले. मग जुना माल फोडून त्यानं नव्यासाठी सिमेंट-वाळू पसरली. शामला पाण्याची बादली घेऊन आली आणि त्याच्या हातातले वळलेले बोल्ट पाहून थबकली.

“म्हंजे आपण नाई जाऊन राहिलो?”

“पाणी टाक.”

तिनं मान खाली घातली आणि पाणी घातलं. पण त्याआधी तिच्या चेहऱ्यावर जो आनंद येऊन गेला, तो मार्तंडनं पाहिला होता. तिनं तो लपवायची धडपड केली, म्हणून तो जास्तच लागला.

माल पुरता वाळल्यावर त्यानं मशीन जागेवर चढवलं आणि नट आवळले. पाना जिथं थांबेल तिथवर, आणि मग आणखी एकदा. महादेवराव काठोकाठ भरलेलं फुलपात्र घेऊन आले आणि त्यांनी ते पाटावर ठेवलं. मार्तंडनं बटण दाबलं. ओसरीभर एकसुरी घरघर भरली.

“बसलं आता,” महादेवराव म्हणाले आणि हळूहळू समोरच्या खोलीकडं गेले.

मार्तंडनं मशीन बंद केलं नाही. चौकटी भिंतीला टेकून तशाच होत्या. तो फुलपात्रावर वाकून पाहत राहिला. पाण्यावर एक रेघसुद्धा उठत नव्हती.