प्रशासकाचं नाव

"विलासिनी, तीन वाजले की गं! लागला का निकाल?" नातीचा दहावीचा नंबर मुठीत धरून कल्याणीअम्मा माझ्या खुर्चीमागे उभी होती.

"अगं अम्मा, आधी नेट तर लागू दे. निकाल काय पळून जातोय?"

आमच्या वाचनालयात कालच नवं वायफाय बसलं होतं. मी त्याच्या नावावर क्लिक केलं, तर पडद्यावर चौकट उघडली: नवी जोडणी करायला प्रशासकाचा पासवर्ड द्या. आणि प्रशासक म्हणून खाली नाव होतं, बिजेश.

बिजेश म्हणजे वाचनालयाचे सेक्रेटरी प्रभाकरन माश, म्हणजे आमचे मास्तर, यांचा भाचा. आजवर तिथं माझं नाव असायचं. या कॉम्प्युटरवर सगळ्यांना फुकट मिळणारं लिनक्स मीच बसवलं, मीच गावातल्या पोरींना शिकवलं. "या यंत्राला मालक नाही, ते सगळ्यांचं आहे," असं माश उद्घाटनाला छाती फुगवून म्हणाले होते.

माश शेजारीच पेपर वाचत होते. म्हणजे तोंडासमोर धरून बसले होते.

"माश, हे काय?"

"यंत्रच ते. बिघडलं असेल."

"बिघडलेलं यंत्र बरोबर तुमच्या भाच्याचं नाव दाखवतं होय?"

पेपर खाली आला. "कमिटीनं ठरवलं गं. शिकलेला पोरगा, घरी बसून आहे. पुढच्या महिन्यापासून तुझं काम तो बघेल. तुला सांगणारच होतो."

"त्या ठरावाच्या बाजूनं तुम्हीही हात वर केलात?"

माश चष्मा पुसत राहिले. या माणसाबरोबर मी दारोदार पुस्तकं मागत फिरले. याची बायको अंथरुणाला खिळली तेव्हा रोज कांजी, तांदळाची पेज, पोचवली. आणि मला हे यंत्राकडून कळावं! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

"अगं, निकाल?" कल्याणीअम्मा रडकुंडीला आली होती.

"माश, पासवर्ड टाका. तुम्हाला ठाऊक असेलच."

ते उठले, माझ्या खांद्यावरून वाकले आणि मला दिसू नये म्हणून डाव्या तळहातानं कीबोर्ड झाकून एका बोटानं अक्षरं शोधू लागले.

मी उठून त्यांना खुर्ची दिली आणि दाराकडे तोंड केलं.

"सावकाश टाका, माश. मी बघत नाही."

बराच वेळ पाठीमागून एकाही बटणाचा आवाज आला नाही.